नाव पटावर, लेकरू व्हरांड्यात

भातकुलीहून अमरावती पंधरा-वीस किलोमीटर. एसटी मिळाली तर बरं, नाहीतर ऑटोत दाटीवाटीनं बसून माणूस तासाभरात इर्विनच्या फाटकाशी उतरतो. पाटीवर जिल्हा सामान्य रुग्णालय लिहिलेलं असलं तरी जिल्ह्यात त्याला इर्विनच म्हणतात. दिव्यांगत्वाचा दाखला, टक्केवारी, कार्ड, सगळ्याची वाट तिथूनच जाते. हात मोडलेला माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो. ज्यांचं लेकरू चार वर्षांचं होऊनही हाकेला ओ देत नाही, अशा मायबापाला मात्र हाच रस्ता दोन-तीन वर्षं पुरतो.

पहिलं वर्ष घरातच जातं. "याच्या बापालेही उशिराच वाचा आली होती," असं आजी सांगते आणि ते खरंही असतं. मग कोणी बाहेरचं काढतं, अंगारा-धुपारा होतो. मग अमरावतीचा खाजगी दवाखाना, कानाची तपासणी, कान चांगले निघाल्याचा आनंद आणि लगेच दुसरी काळजी: कान चांगले आहेत, तर मग ऐकत काहून नाही? 'ऑटिझम', म्हणजे स्वमग्नता, हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तोवर लेकरू पहिलीत जायच्या वयाला आलेलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव लागतं, कारण नाव नाकारायची सोय आता कायद्यानं ठेवलेली नाही. नाव लागलं म्हणजे शाळा मिळाली असं समजून आपण सगळे मोकळे होतो. खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

या आढाव्यात स्वमग्न मुलांबरोबर आणखी एक गट मुद्दाम घेतला आहे. ही मुलं मनानं कोलमडलेली आहेत: बाप गेल्यावर बोलणं बंद केलेली, घरच्या दारूनं धास्तावलेली, रागानं दुसऱ्याच्या अंगावर धावणारी, शाळेच्या नावानं पोट दुखणारी. वैद्यकशास्त्राच्या लेखी दोन्ही गोष्टी वेगळ्या. वर्गात मात्र त्या एकसारख्या दिसतात आणि त्यांच्यावरचा उपायही एकच होतो: रागावणं, नाहीतर व्हरांड्यात बसवणं. माझं म्हणणं थोडक्यात असं की, या मुलांसाठी आपल्याकडे कायदे कमी नाहीत. दाखला हाती येण्याआधी, शाळेत शिरल्या दिवसापासून त्या लेकराकडे पाहणारं ठरलेलं माणूस नाही, ही खरी उणीव आहे.

आधी कागद पाहू. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची यादी होती. स्वमग्नता त्यात नव्हतीच. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी पालकत्व व सांभाळाची व्यवस्था केली. 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना त्याच न्यासाची. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं 'वंचित गटा'त आली, आणि तीव्र वा बहुविकलांग मुलाला घरी राहून शिकण्याचा हक्क मिळाला. मग २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. सातांची यादी एकवीसवर गेली, त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली; मानसिक आजार तर सातांच्या यादीतही होता. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षण मिळालंच पाहिजे, तेही जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, असं हा कायदा म्हणतो.

सगळी गोम त्या ४० टक्क्यांत आहे. हात-पाय मोजता येतात, डोळ्याचा नंबर काढता येतो. स्वमग्नता मोजायला सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी तयार केली. तिच्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीला एक ते पाच गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर स्वमग्नता नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मोजपट्टी चांगली आहे, भारतीय घर डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. पण ती भरायची कशी, तर मूल डोळ्याला डोळा देतं का, हाक मारल्यावर वळून पाहतं का, तेच ते शब्द घोकत राहतं का, हे 'क्वचित', 'कधी कधी', 'बऱ्याचदा', 'बहुतेक वेळा', 'नेहमी' अशा पायऱ्यांत सांगायचं, आणि प्रत्येक पायरी वीस-वीस टक्क्यांची. पऱ्हाटी निंदायला सकाळी गेलेली माय संध्याकाळी परत येते. लेकरू दिवसातून किती टक्के वेळा वळून पाहतं, हे तिनं कसं सांगावं? "घरी देते जी ओ, इथंच देत नाही," एवढंच ती म्हणते. अनोळखी खोली, ट्यूबलाइट, रांगेतला गोंगाट, यांनी लेकरू आधीच बिथरलेलं असतं. एखादं त्या दिवशी नेमकं शांत बसतं आणि गुण कमी पडतात.

अंगणवाडीतच हे लक्षात यावं म्हणून २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत. अंगणवाडीला वर्षातून दोनदा, शाळेला एकदा भेट, आणि शंका आली तर जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्राकडे चिठ्ठी, अशी ती रचना. कल्पना उत्तम. पण पथकाची गाडी गावात येते त्या दिवशी वजन, उंची, दात, त्वचा, हृदय, डोळे असं सगळं उरकायचं असतं. कोपऱ्यात बसून चमच्यावर चमचा फिरवत राहिलेलं शांत पोरगं त्या गडबडीत 'नॉर्मल' ठरतं. मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं. गप्प मुलगी म्हणजे गुणाची मुलगी, हा समज आपल्या घरांत पक्का बसलेला आहे.

अशी मुलं किती? जगभरातले अंदाज शंभरात एक याच्या आसपास फिरतात. म्हणजे ज्या केंद्रातल्या, जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांत मिळून हजार मुलं आहेत, तिथे आठ-दहा स्वमग्न मुलं असणार, मग नोंद दोघांचीच का असेना. मनाच्या अडचणी असलेली मुलं त्याहून कितीतरी जास्त. त्यांची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात नाही.

स्वमग्नतेचं निदान तसं शंभरी न गाठलेलं आहे. ग्रुन्या सुखारेवा या रशियन बालमानसतज्ज्ञ बाईंनी १९२० च्या दशकातच अशा मुलांची वर्णनं लिहून ठेवली होती, पण नाव झालं ते लिओ कॅनर यांचं. १९४३ मध्ये त्यांनी अमेरिकेत ११ मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. पुढची वीसेक वर्षं जगानं आयांना छळलं. आई थंड, मायाच करत नाही, म्हणून मूल असं, हा सिद्धांत मोठमोठ्यांनी मांडला. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं हा सिद्धांत मोडीत काढला होता. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे बाप होते. आज मेंदूच्या जडणघडणीतला, मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक असा हा फरक आहे, याबद्दल शास्त्रात फारसं दुमत नाही.

पण आयांचा छळ संपला कुठे? आता मोबाइल आला आहे. "मायच मोबाइल देते पोट्ट्याले, मग बोलन काहून?" हे वाक्य सासूपासून शिक्षकापर्यंत सगळे बोलतात. दिवसभर पडद्यासमोर बसलेल्या मुलाला बोलण्या-खेळण्याचा सराव मिळत नाही, हे खरं आणि तो पडदा बंद करावा हेही खरं. म्हणून स्वमग्नता मोबाइलनं येते असं ठरत नाही. ती लसीनंही येत नाही. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा, १९९८ मध्ये 'लॅन्सेट'नं छापलेला बदनाम लेख त्याच नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. आणि ज्यांच्याकडे थोडी शेती विकण्याजोगी आहे त्यांनी स्टेम सेलच्या जाहिराती पाहून मोठ्या शहरात पैसा ओतू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी त्या उपचाराची शिफारस करता येत नाही असं सांगितलं आहे.

आता वर्गात जाऊ. भातकुली तालुक्यातली कुठलीही जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आणा. खारपाणपट्ट्यातलं गाव, पावसाळ्यात काळ्या मातीनं चिकटून बसणारी वाट, दोन किंवा तीन शिक्षक, चार-पाच वर्ग. एका खोलीत दोन वर्ग मागे-पुढे तोंड करून बसलेले. व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर दगड किंवा लोखंडी दांडी हाणली की झाली घंटा. आपल्याला तो आवाज शाळेची आठवण म्हणून गोड वाटतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना तो कानात सळई खुपसल्यासारखा लागतो. दुपारी पोषण आहार. स्टीलची ताटं फरशीवर आपटतात, फोडणीचा वास येतो, साठ मुलं एकदम ओरडतात. लेकरू कानांवर हात दाबतं, किंचाळतं, धावत सुटतं, आडव्या आलेल्याला चावतं. "सर, थो चावला!" सर काय करणार? त्यांच्यापुढे साठ ताटं आहेत. लेकरू व्हरांड्यात जातं. आठवडाभरानं मायला निरोप जातो, "जेवणानंतर घेऊन जात जा." महिन्याभरानं, "तुम्हीच बसा ना बाई त्याच्याजवळ." मायची मजुरी बुडते. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात आली की लेकरू शाळेत येणंच बंद होतं. पटावर नाव राहतं, आणि बऱ्याचदा त्यापुढे 'गृहाधारित शिक्षण' असं लागतं. कायद्यानं जो हक्क तीव्र अपंगत्व असलेल्या मुलासाठी दिला, तो शाळेला सुटका म्हणून वापरता येतो.

याच दृश्यात काय बदलता आलं असतं? पैसा लागेल असं फारसं काही नाही. घंटेच्या आधी त्याला बोटानं खुणावून सांगायचं, की आता वाजणार. त्याचं ताट इतरांच्या पाच मिनिटं आधी, बाजूच्या खोलीत. खिचडीवरची फोडणी त्याला चालत नसेल तर कोरा भात वेगळा काढायचा, स्वयंपाकीण मावशींना ते अवघड नसतं. भिंतीवर दिवसाची चार-पाच चित्रं ओळीनं: प्रार्थना, पाटी, जेवण, खेळ, घर. एक झालं की ते उलटं करायचं. पुढे काय होणार हे आधी कळलं की या मुलांची निम्मी भीती ओसरते. ही चित्रं काढायला शाळेतली चौथीची मुलंही पुरतात. पण चित्र रोज उलटं करायला कोणीतरी रोज तिथे असावं लागतं, आणि आज चित्र दाखवून उद्या विसरलं तर त्या मुलासाठी ते न दाखवण्यापेक्षा वाईट.

आता दुसऱ्या मुलाकडे वळू. हाही घंटा वाजली की दचकतो, बाकाखाली शिरतो. याच्या घरी रात्री आरडाओरडा होतो, किंवा मागच्या वर्षी बाप शेतात गेला तो परत आलाच नाही. वऱ्हाडात हे काही दुर्मिळ नाही. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य सरकार २००६ पासून एक लाखाची मदत देतं: ३० हजार रोख, ७० हजार ठेव. त्याआधी तलाठ्यापासून समितीपर्यंत प्रकरण फिरतं आणि मृत्यू 'पात्र' की 'अपात्र' हे ठरतं. या सगळ्या कागदांत त्या घरातलं पोरगं कितवीत आहे आणि शाळेत कसं वागतंय, हे विचारणारा रकाना मदत ठरवण्यासाठी लागत नाही. त्यामुळे तो कोणी भरतही नाही. शाळेत जास्तीत जास्त एवढं होतं, की मुख्याध्यापक एखाद्या बाईंना सांगतात, "त्याच्याकडे जरा लक्ष ठेवा." बाई मनानं चांगल्या असतात, ठेवतातही. पण मग निवडणुकीचं काम येतं, सर्वेक्षण येतं, ऑनलाइन माहिती भरायची येते, नाहीतर त्यांची बदलीच येते.

अमेरिकेच्या १९७५च्या विशेष शिक्षण कायद्यात भावनिक अडचणींचा स्वतंत्र गट होता, स्वमग्नतेचा स्वतंत्र गट तिथे १९९० मध्ये आला. आपल्याकडे उलटं झालं. स्वमग्नतेला २०१६ मध्ये जागा मिळाली. भावनिक अडचणींना 'मानसिक आजार' या नावाखालीच काय ती, आणि आठ वर्षांच्या दुःखी पोराला मानसिक आजाराचा दाखला कुठला बाप काढून घेईल? घेऊही नये. त्याला दाखल्याची गरज नाही, शाळेत रोज भेटणाऱ्या मोठ्या माणसाची आहे. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी करतं. बंदीच्या पलीकडे काय करायचं, ते मात्र शाळेवर सोडलेलं आहे.

इथे दोन्ही मुलांचे धागे जुळतात. एकाला आवाज सोसवत नाही, दुसऱ्याला आठवण. एकाला चित्रांचं वेळापत्रक हवं, दुसऱ्याला "काल रात्री झोप लागली का रे?" असं हळूच विचारणारं कोणी. पण दोघांनाही उद्या तेच माणूस, त्याच जागी, त्याच आवाजात हवं. शिवाय हे गट कप्पेबंद नसतात. स्वमग्न मुलांमध्ये चिंता आणि भीतीचं प्रमाण बरंच असतं, आणि वर्षानुवर्षं व्हरांड्यात बसवलेलं मूल स्वमग्न असो वा नसो, मनानं दुखावलेलं होतंच.

मग विशेष शाळा का नको, असं कोणी विचारेल. महाराष्ट्रात या शाळांचा इतिहास चांगला आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ची, पुण्याची कामायनी १९६४ची. स्वमग्न मुलांसाठी म्हणून चालणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईत आहेत, छत्रपती संभाजीनगरात 'आरंभ' आहे, आणि अशा बहुतेक ठिकाणांच्या मागे कुणी ना कुणी पालकच उभे आहेत. विदर्भाच्या ग्रामीण भागात मात्र विशेष शाळा म्हटलं की बहुतेक वेळा निवासी मतिमंद विद्यालय समोर येतं. गणितात हुशार पण न बोलणारं स्वमग्न मूल तिथे ठेवलं, तर त्याच्या हुशारीला खाद्य मिळत नाही आणि घरही सुटतं.

अमरावती जिल्ह्यात या विषयावर बोलताना वझ्झरला वगळून चालत नाही. परतवाड्याजवळच्या या गावी अंबादासपंत वैद्य मतिमंद मूकबधिर बालगृहात शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली १२३ मुलं आपलं नाव देऊन वाढवली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन लेक माला पापळकर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. वझ्झरचं मोठेपण निर्विवाद आहे. पण वझ्झर हे ज्यांना मायबापच उरले नाहीत अशा लेकरांचं घर आहे. ज्याच्या घरी माय आहे, आजी आहे, ओळखीचा उंबरा आहे, त्याला शिक्षणासाठी ते सोडावं लागलं तर ती शाळेची हार समजावी.

शहरातल्या खाजगी शाळांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण भातकुलीच्या मजुराचा त्यांच्याशी संबंध क्वचित येतो. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मूल बसतं. २०२४ मध्ये सरकारी शाळेपासून किलोमीटरभरातल्या खाजगी शाळांना त्यातून सूट देण्याचा प्रयत्न राज्यानं केला, तो मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये रद्द केला. या शाळा तोंडावर नाही म्हणत नाहीत. "आमच्याकडे तशी सोय नाही हो," म्हणतात, किंवा पालकांनीच पगार देऊन मुलाशेजारी वर्गात बसणारी शॅडो टीचर आणावी असं सुचवतात.

सरकारी घोळ समजायचा तर खाती मोजावीत. दाखला आणि तपासणी आरोग्य खात्याकडे. अंगणवाडी महिला व बालविकासकडे. गावची शाळा शालेय शिक्षणाकडे. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, जो महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र केला आणि त्याचं कौतुकही झालं. एका लेकराची फाइल चार दारांत फिरते. याउलट उदाहरण जवळच आहे. भातकुली तालुक्यातलं ऋणमोचन हे गाडगेबाबांच्या कामाचं सुरुवातीचं ठिकाण. बाबांच्या दशसूत्रीत गरीब मुलांचं शिक्षण एका ओळीत आहे, अंध-पंगू-रोग्यांना औषध दुसऱ्या, आणि दुःखी-निराशांना हिंमत शेवटच्या. बाबांकडे त्या दहाही ओळी एकच माणूस पाळत होता, म्हणून त्या वेगळ्या असल्यानं काही बिघडलं नाही. सरकारात प्रत्येक ओळीला सचिव वेगळा.

विशेष शिक्षकांची कथा तर न्यायालयातच जास्त घडली आहे. रजनीशकुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. केंद्रानं २०२२ मध्ये ते अधिसूचित केलं. राज्यं ढिम्म राहिली, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं पुन्हा कान उपटले आणि पदं जाहीर करायला तीन आठवडे दिले. महाराष्ट्रानं त्याआधी, २०२४ मध्ये, केंद्रशाळेच्या पातळीवर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायचं ठरवलं होतं, प्रत्येक समूह साधन केंद्राला एक. वर्षानुवर्षं कंत्राटी मानधनावर, अकरा-अकरा महिन्यांच्या भीतीत काम करणाऱ्यांना त्यामुळे वाट दिसली. ही माणसं नसती तर गेल्या वीस वर्षांत खेड्यातल्या दिव्यांग मुलाकडे कोणी फिरकलंही नसतं, हे मान्य करायला हवं.

निर्णय योग्य दिशेचा आहे. पण एका केंद्रात दहा-बारा शाळा असतील तर एका शाळेच्या वाट्याला तो शिक्षक पंधरवड्यातून एकदा येतो. त्यातही त्याला बहुतेकदा एका प्रकारच्या दिव्यांगत्वाचं प्रशिक्षण असतं, कुणी श्रवणदोषाचा, कुणी दृष्टिदोषाचा, आणि वाट्याला येतात सगळेच. शिबिरं, कार्डांच्या नोंदी, भत्त्यांच्या याद्या, हे वेगळंच. पंधरवड्यातून एकदा भेटलेल्या माणसावर स्वमग्न मूल विश्वास टाकत नाही. बाप गेलेलं मूल तर नाहीच नाही.

दर वेळी यावर एक ठरलेला तोडगा निघतो: वर्गशिक्षकालाच प्रशिक्षण द्या. त्याबद्दल बिहारमधला एक प्रयोग डोळे उघडणारा आहे. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत शाळेचं वातावरण सुधारण्याचा एकच कार्यक्रम दोन पद्धतींनी राबवला. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला, काहींत गावातल्याच साध्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मारामाऱ्या आणि उदासी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते म्हणून नव्हे. ज्याच्या डोक्यावर आधीच दहा कामं आहेत त्याच्यावर अकरावं ठेवलं की तेच पहिलं खाली पडतं.

आणि साधी माणसं हे करू शकतात, याचा पुरावा शोधायला बिहारलाही जायला नको. अमरावती जिल्ह्यातल्याच ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मन खचलेल्यांना ओळखायचं, धीर द्यायचा, लागेल तिथे डॉक्टरपर्यंत न्यायचं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त छापून आलं. आपल्या जिल्ह्याचं हे यश जगानं वाचलं, आणि जिल्ह्यात कितीजणांना ते ठाऊक आहे कोण जाणे. ते मोठ्या माणसांसाठी होतं. मुलांसाठी तसं काही उभं करायला मात्र कोणी बसलं नाही.

स्वमग्न मुलांसाठीही शेजारचा दाखला आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेल्या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आई-मुलाच्या खेळण्याचं चित्रण केलं आणि तेच आईला दाखवून, लेकरू कधी इशारा करतं, आपण कधी घाई करतो, हे समजावलं. आया मुलांच्या चालीनं चालू लागल्या आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. २०१६ चं हे काम. एक अडचण मात्र वऱ्हाडात उभी राहील. शहरातल्या थेरपी केंद्रातून मायच्या हाती घरी करायच्या कामांचा कागद मिळतो, त्यावर रोज एवढे तास असं लिहिलेलं असतं. वेचणीच्या दिवसांत ती माय सकाळी घर सोडते. तो कागद देणाऱ्यानं तिची मजुरी धरलेली नसते. अशा घरात लेकराशी खेळणारी व्यक्ती आजी असते किंवा सातवीतली बहीण, म्हणून शिकवायचं तर त्यांना शिकवावं लागेल.

या सगळ्यावरून भातकुलीसारख्या तालुक्यासाठी जे सुचतं ते असं. केंद्राच्या विशेष शिक्षकानं स्वतः प्रत्येक मुलाला शिकवत फिरू नये. त्यानं प्रत्येक शाळेत रोज असणाऱ्या एका सहायिकेला तयार करावं. बचत गटातली, बारावी झालेली, गावातलीच बाई चालेल, पण तिला मानधन हवं, बिनपैशाची सेवा नको. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला साडेतीन हजार रुपये धरलेले आहेत आणि त्यातून भत्ते, साहित्य असं थोडं थोडं वाटलं जातं. एवढ्यात माणूस ठेवता येत नाही, जिल्हा नियोजनातून भर घालावी लागेल. मदत मिळायला दाखल्याची अट नसावी. शिक्षकाला किंवा मायला काळजी वाटली, एवढं कारण पुरे. दाखला पुढे सवलतींसाठी लागेल तेव्हा काढावा, तोवर त्यासाठी शाळा थांबू नये. आणि बाप गेलेल्या घरातलं मूल, मृत्यू 'पात्र' ठरो की 'अपात्र', त्याच आठवड्यात त्या सहायिकेच्या नजरेखाली यावं. तिला अडलं तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो शाळेच्या भिंतीवर सुविचारांच्या शेजारी रंगवायला कोणाची हरकत नसावी.

वरच्या वर्गांची वेळ आली की आणखी एक धोंड आहे. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला, १९९६ पासून. दहावीला वाढीव वेळ, लेखनिक, विषयांत पर्याय, हे स्वमग्न विद्यार्थ्यांनाही मिळतं. पण दहावीपर्यंत पोचणार कोण? डिसेंबर २०२३ च्या निर्णयानं पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणि नापास करणं आलं. ज्या मुलानं चार वर्षं व्हरांड्यात काढली, त्याला पाचवीत त्याच वर्गात ठेवून काय शिकवणार, याचं उत्तर त्या निर्णयात नाही.

आणि अठरानंतर? राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. पापळकर वर्षानुवर्षं मागणी करत आहेत, की अठरा पूर्ण झाली म्हणून बेवारस दिव्यांग मुलांना बालगृहाबाहेर काढू नका. ज्यांना घर आहे त्यांच्यासाठी खेड्यात ना कार्यशाळा आहे ना कसलं केंद्र. मोठेपणी याचं कसं होईल म्हणून गावात विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं, "भाऊ पाहीन न." भावाच्या बायकोला ते कोणी विचारलेलं नसतं.